साठ दिवसांचं भूत

विश्वास गायधनी या गृहस्थानं जन्मात इंग्लंड पाहिलं नव्हतं. धुकं पाहिलं होतं ते नाशिकला, डिसेंबरात, गोदावरीच्या काठी, आणि तेही शाळेला उशीर झाला म्हणून पळता पळता. तरीसुद्धा या माणसानं कुवेतच्या मिरकाब भागात, एका जुनाट इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, ऊन आत येऊ नये म्हणून खिडकीला चांदीचा कागद चिकटवून, व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडची चारशे पानांची भुताची प्रेमकथा लिहिली. मराठीत. आता बोला!

बरं, माणूस लेखकबिखक होता म्हणावं तर तसंही नाही. एका ट्रेडिंग कंपनीत तो कागदांचा कारकून होता. कंपनीत दीडशे माणसं, आणि प्रत्येकाचा इकामा, म्हणजे त्या देशात राहायचा परवाना, कधी संपतो हे त्याला तोंडपाठ. कुणाला सुट्टीवर जायचंय, कुणाला रिलीज हवंय, सगळे फॉर्म हाच भरायचा. रिलीज म्हणजे कफीलनं, ज्याच्या नावावर आपण तिथं राहतो त्या मालकानं, आपल्याला सोडल्याचा कागद. तो मिळाला की मग दुसरीकडे जा नाहीतर घरी जा. दहा वर्षांत विश्वासनं शेकडो माणसांना घरी पाठवलं. केरळचे गेले, आंध्रचे गेले, बांगलादेशचे गेले. तेवढं स्वतःचं राहून गेलं. माणूस कामात असला की असं होतं म्हणतात.

घरी, म्हणजे नाशिकला पंचवटीत, त्याची बायको चारुशीला महापालिकेच्या शाळेत शिकवायची, आणि मुलगी जुईली तिच्याच हाताखाली मोठी होत होती. त्यांना कुवेतला आणायचं तर फॅमिली व्हिसासाठी पगार अमुक इतका लागे. तो तेवढा होईपर्यंत चारुशीलाची नोकरी कायम झाली, आणि मग ती सोडून वाळवंटात काय करायचं, असा प्रश्न आला. तेव्हा ती तिकडे, हा इकडे. दर पत्राच्या शेवटी ती न चुकता एक ओळ लिहायची: ता. क. कायमचे कधी येणार?

या एका ओळीचं उत्तर विश्वासनं कधी दिलं नाही. त्याऐवजी तो कादंबरीचं पुढचं प्रकरण पाठवायचा. ज्यांना वाटतं की साहित्य जीवनाच्या ऊर्मीतून वगैरे जन्माला येतं, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

सुरुवात झाली ब्याण्णवला. नव्वदला इराकनं कुवेत घेतलं तेव्हा विश्वास अम्मानमार्गे, अंगावरच्या कपड्यांनिशी घरी पोचला होता. सगळं शांत झाल्यावर परत गेला तेव्हा ऑफिस ओळखू येईना. सैनिकांनी फॅक्स नेला, एसी नेले, खुर्च्या नेल्या, संडासाचं भांडंसुद्धा उपटून नेलं. फक्त एका कपाटाला कुणी हात लावला नव्हता. त्यात कंपनीच्या जुन्या इंग्रज हिशेबनीसाची पुस्तकं होती. हा साहेब नव्वदच्या जुलैत सुट्टीवर गेला तो गेलाच. साठ-सत्तर पुस्तकं, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मुखपृष्ठावर तेच: मागे काळा वाडा, वरच्या एका खिडकीत दिवा, आणि पांढऱ्या झग्यातली एक बाई अनवाणी पळत सुटलेली. बाई का पळते हे कळायला पुस्तक वाचावं लागे. विश्वासनं सगळी वाचली. डिक्शनरी घेऊन बसला आणि वर्षभरात सगळ्या बायका पळवून संपवल्या.

मग पुढे काय? पुस्तकं संपली, आणि कुवेतमधले शुक्रवार काही संपेनात.

"मीच लिहितो एक," तो एका शुक्रवारी सकाळी म्हणाला.

हे ऐकायला एकच माणूस होता, नूरुद्दीन परकार. दाभोळचा. फहाहीलच्या बाजारात घड्याळांच्या दुकानात होता आणि विश्वासच्या खोलीत त्याची खाट होती. दाभोळला त्याची बायको झुलेखा, इथं हा, म्हणजे हिशेब तोच.

"काय लिहिणार?"

विश्वासनं एका पुस्तकाची मागची बाजू दाखवली. तिथं तीन शब्द छापले होते. "हे. पॅरानॉर्मल, रोमँटिक, सस्पेन्स."

"म्हणजे रे काय?"

"म्हणजे भूत, प्रेम, आणि पुढे काय होणार ते माहीत नाही."

"मग लिवायचं काय त्यात? माझं लग्न हायच की," नूरुद्दीन म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

पण विश्वास ऐकतोय होय! ऑफिसातले पाठकोरे फॉर्म आणले आणि 'थॉर्नबी हॉलची सावली' सुरू झाली. पहिल्याच प्रकरणात सर एडमंड घोड्यावरून पडून मरतो. इतक्या तातडीनं नायक मारणारा लेखक मराठीत दुसरा नसेल. मागे राहते त्याची बायको एलिनॉर आणि छोटी ल्युसी. तिसऱ्या प्रकरणात सर एडमंडचं भूत वाड्यावर येतं. इथपर्यंत सगळं रीतसर, इंग्रजी पद्धतीनं. चौथ्या प्रकरणापासून घोटाळा सुरू झाला.

झालं काय, की भुताला येण्याजाण्याचे काही नियम लागतात. आता विश्वासला नियम कुठले माहीत? जे होते तेच त्यानं लावले. थॉर्नबीच्या दफनभूमीला एक रखवालदार होता. त्याच्या सहीशिवाय भुतानं कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं नाही. सही मागायला गेलं की रखवालदार म्हणायचा, उद्या या. भुताला दर दोन वर्षांनी एकदा बाहेर पडायची मुभा, साठ दिवस. आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर थडगं रद्द, ते दुसऱ्याच्या नावावर होणार. कळस म्हणजे भूत रिकाम्या हातानं येईना. व्हिक्टोरियन इंग्लंडचा सरदार, मेलेला, धुक्यातून तरंगत आपल्या वाड्याच्या दारात येतो तेव्हा त्याच्या हातात दोन ब्लँकेटं, अत्तराच्या बाटल्या, मुलीसाठी चॉकलेटचे डबे, आणि सगळं एका खोक्यात, नायलॉनच्या दोरीनं करकचून बांधलेलं. खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव, गाव, जिल्हा.

"अरे विश्वास," नूरुद्दीननं वाचून विचारलं, "या भुताचा इकामा कुणाकडं हाय?"

"चेष्टा नको करूस. हा परलोकाचा नियम आहे."

"परलोकात पण कफील? अल्ला, मग मरून काय फायदा?"

विश्वास चिडला. नूरुद्दीनला साहित्यातलं काय कळतंय, असं त्यानं मनाशी ठरवलं आणि पाचवं प्रकरण लिहायला घेतलं. त्याला खरंच काही दिसत नव्हतं, हे इथं सांगायला हवं. डोळ्यांचा नंबर दर वर्षी तपासून घेणारा माणूस, पण स्वतःच्या अक्षरातलं त्याला दिसेना.

सुट्टीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून प्रकरण नाशिकला जायचं. परत येणाऱ्याच्या बॅगेतून ते चिवड्याच्या नि गोड्या मसाल्याच्या पिशवीत खोचून मिरकाबला यायचं. चारुशीला मास्तरीणच. तिनं लाल पेननं सगळं तपासलेलं असायचं. ऱ्हस्व-दीर्घ, काना-मात्रा, आणि समासात शेरे. 'थंडी इंग्लंडची, मग एलिनॉर पंखा का लावते?' 'पान ४८ वर ल्युसी सात वर्षांची, पान ५२ वर पाच. मुली लहान होत नाहीत.' हा दुसरा शेरा वाचून विश्वास जरा थांबला. मग सातच्या जागी पाच केले आणि चूक दुरुस्त झाली असं समजला.

जुईलीचं पत्रही सोबत असायचं. 'अहो बाबा, तुम्ही कसे आहात? मी बरी आहे. तुमची तब्येत जपा. तुमची आज्ञाधारक, जुईली.' आईला ती अगं-तुगं करायची, भांडायची, वेणी ओढली म्हणून तिच्या नावानं बोंब मारायची. बापाला अहो. विश्वास ही पत्रं नूरुद्दीनला कौतुकानं दाखवायचा. बघ, मुलगी कशी वळणाची आहे!

दोन हजार सालच्या सुट्टीत या वळणाचं त्याला जवळून दर्शन झालं. दर वेळचंच, पण त्या वेळी तो कादंबरीसाठी नोंदी घेत होता, म्हणून जास्त नीट दिसलं. घरात शिरल्या शिरल्या त्याच्यासाठी घडीची खुर्ची उघडण्यात आली. ही खुर्ची पाहुण्यांची. टॉवेल कुठे असतात ते त्याला विचारावं लागे. मायलेकी अर्ध्या अर्ध्या वाक्यात बोलायच्या. "अगं, ते त्यांचं झालं का?" "हो, पण ती म्हणाली तसं." ते कुणाचं आणि ती कोण, हे त्याला कोण सांगणार? तो खोलीत बसला असला की जुईली दारावर टकटक करून आत यायची. आपल्याच घरात! शेजारीपाजारी भेटले की दोन प्रश्न एका दमात विचारायचे: "कधी आलात? किती दिवस?"

सगळ्यात थाट असायचा तो न्हाणीघराचा. मिरकाबला सहा माणसांत एक न्हाणीघर, प्रत्येकाला दहा मिनिटं, अकराव्या मिनिटाला दारावर लाथ. त्यामुळे घरी आला की हा पठ्ठ्या पाऊण-पाऊण तास आंघोळ करायचा. चारुशीला पाणी तापवून द्यायची आणि मुलीला सांगायची, "आधी बाबांना जाऊ दे." चारुशीलाला शाळेला उशीर होई, जुईलीची प्रार्थना चुके, पण दोघी टॉवेल खांद्यावर टाकून मुकाट बाहेर उभ्या. दार कुणी वाजवलं नाही. विश्वासला वाटायचं, काय हा मान!

एकोणसाठाव्या दिवशी चारुशीला चिवडा करायला घ्यायची. साठाव्या दिवशी पिशवी दाराशी.

परत आल्यावर त्यानं सव्विसावं प्रकरण लिहिलं, आणि तोंडावर पाणी मारल्यासारखं वाटावं इतकं ते चांगलं उतरलं. भूत वाड्यात येतं. त्याच्यासाठी नोकर घडीची खुर्ची मांडतात. एलिनॉर आणि ल्युसी आपसात बोलतात ते त्याला ऐकू येतं पण समजत नाही. भूत तासन् तास टबात बसून राहतं, आणि आत कुणी आहे हे जाणवून मायलेकी हळूच पावलं न वाजवता निघून जातात. ल्युसी त्याला 'अहो सरकार' म्हणते. नोंदवहीतलं एकूण एक आलं होतं. आपल्या घरात बसून आपल्याच भुताच्या नोंदी घेणारा हा माणूस, आणि वर म्हणतो काय, तर "नूर, कल्पनाशक्तीला वाव दिला की असं सुचतं बघ."

नूरुद्दीननं ते प्रकरण दोनदा वाचलं. चेष्टा केली नाही. "चाय टाकतो," एवढंच म्हणाला आणि स्वयंपाकघरात बराच वेळ उभा राहिला.

पुढच्या वर्षी फहाहीलला मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या बैठकीत विश्वासनं हे प्रकरण वाचलं. तिथं सगळे तेल कंपन्यांतले इंजिनिअर, बायकामुलांसकट राहणारे. बैठक कुणाच्या तरी प्रशस्त दिवाणखान्यात, साबुदाण्याची खिचडी, मुलं आतल्या खोलीत इंग्रजीत भांडतायत. विश्वासनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि घसा साफ करायला खडीसाखर आणली होती. सुरुवातीला लोक ऐकत होते. दोरीनं बांधलेलं खोकं आलं तेव्हा कुणीतरी फिसकन हसलं. साठ दिवस आले तेव्हा सगळा दिवाणखाना हसला. विश्वासला वाटलं, विनोद जमतोय आपल्याला. तोही हसला.

वाचन संपल्यावर यजमानीण शर्वरीताई म्हणाल्या, "विश्वासराव, एक विचारू? राग नका मानू. तुमचं भूत दर दोन वर्षांनी साठच दिवस का येतं हो?"

"परलोकाचा नियम असतो, ताई."

"हा नियम तर आमच्या ह्यांच्या कंपनीच्या हँडबुकात आहे." लोक पुन्हा हसले. मग शर्वरीताईंचाच चेहरा उतरला. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मिसेस वाचतात का हे?"

"वाचतात की. शुद्धलेखन तपासतात."

यावर कुणी हसलं नाही. शर्वरीताईंनी त्याच्या बशीत न विचारता आणखी खिचडी वाढली. विश्वास खाली मान घालून खात राहिला. खडीसाखर खिशातच विरघळून गेली होती.

परतीच्या बसमध्ये, बैठकीला सोबत आलेला नूरुद्दीन खिडकीकडे तोंड करून बसला होता. विश्वासनं विचारलं, "तुला आधीपासून माहीत होतं?"

"काय?"

"भूत कोण ते."

"अरे, पहिल्या पानावर माहीत होतं. आपण खोलीत सहा जण हाव. सगळ्यांना माहीत होतं. हमीद तर तुला मागं भूतसाहेबच म्हणतो."

यानंतर शहाण्या माणसानं काय केलं असतं? पत्रातल्या त्या एका ओळीचं उत्तर लिहिलं असतं. विश्वासनं शेवटचं प्रकरण लिहिलं. आणि तेही कसं, तर धुक्याची पहाट, भूत थॉर्नबी हॉलच्या दारात येतं, आतून दिव्याचा उजेड येतोय, ते हात उचलतं, दार वाजवणार, तेवढ्यात सूर्य उगवतो आणि भूत विरून जातं. दोघांचं मीलन स्वर्गात. समाप्त. खाली स्वतःची झोकदार सही.

मार्च दोन हजार दोनमध्ये ते प्रकरण परत आलं. आत लाल शाईचा एकही टिंब नव्हता. ऱ्हस्व-दीर्घाच्या नेहमीच्या चुका तशाच. फक्त सहीखाली, मुलांच्या वहीत लिहितात तसे दोन शब्द: पुन्हा लिहा. आणि त्या वेळी पत्रही नव्हतं. ता. क. नाही, काही नाही. दहा वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं नव्हतं.

तो प्रश्न दर वेळी वाचून विश्वासच्या कपाळावर आठ्या पडत. आता प्रश्न नाही म्हटल्यावर त्यानं चिवड्याची पिशवी उलटी करून झटकली. जेवणाच्या सुट्टीत त्यानं टेलिफोन कार्ड घेतलं आणि तिच्या शाळेत फोन लावला.

"शेवट नाही आवडला?" त्यानं विचारलं. आधी हेच विचारलं, हे लेखकाला शोभलंच.

"भूत दाराबाहेरच उभं राहतं तुमचं," चारुशीला म्हणाली. मागे वर्गातली पोरं पाढे म्हणत होती. "चारशे पानं चालून आलं आणि दार वाजवत नाही? आत येऊ दे त्याला. नाहीतर एकदाचं जाऊ दे. उंबऱ्यावर किती वर्षं ताटकळत ठेवणार? त्याला आणि तिलाही?"

"चारू, त्याला परवानगी नाही ना."

"कुणाची?"

"रखवालदाराची."

"मागितली होती का त्यानं?"

विश्वासनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मी पुन्हा पहिल्यापासून वाचून काढली," ती म्हणाली. "एकतीस प्रकरणं. सुट्टी मागतो, खोकी बांधतो, येतो, जातो. सोडा म्हणून एकदाही मागत नाही. मला वाटायचं, नियम कडक असतील. पण अहो, त्यानं विचारलंच नाही! त्याला यायचंच नाहीये, असं समजायचं का मी?" तिचा आवाज फाटला. "जुईलीची दहावी झाली. आता दोन वर्षांनी ती बाहेर जाईल शिकायला. मग या तुम्ही, आणि बसा त्या घडीच्या खुर्चीवर. मी नवीन आणते हवी तर."

कार्ड संपत आल्याची टुकटुक सुरू झाली. तो काहीतरी म्हणणार, तेवढ्यात लाईन गेली. मिनिटं पुरेशी असती तरी काय म्हणणार होता, हा प्रश्नच आहे.

खरं काय होतं ते आता सांगून टाकू, नाहीतर हा माणूस काही सांगायचा नाही. पंचवटीतलं घर केव्हाच बांधून झालं होतं. चारुशीलाची नोकरी पक्की होती. त्याला कुणी अडवलं नव्हतं. त्याला भीती वाटत होती. मिरकाबला तो गायधनीसाहेब होता. दीडशे माणसं कागद घेऊन त्याच्या टेबलाशी उभी राहायची, अदबीनं बोलायची. नाशिकला त्याला टॉवेल सापडत नव्हता. तिथं आपल्याला कायमचं ठेवून घेतील का, या भीतीनं तो साठ दिवसांच्या वर एक दिवस कधी राहिला नाही. परीक्षेलाच न बसणारा विद्यार्थी नापास होत नाही, हे चारुशीलाच्या वर्गातल्या पोरांनाही ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी तो अबू फहदच्या केबिनमध्ये गेला. अबू फहद कंपनीचा मालक आणि सगळ्यांचा कफील. म्हातारा तरुणपणी मुंबईला ये-जा करायचा, त्यामुळे त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. विश्वासनं नेहमीसारखी फाईल पुढे ठेवली. अबू फहदनं चष्मा लावला, पेन उघडलं, आणि थांबला.

"ये तो तुम्हारा नाम है."

"जी."

"हमेशा के लिए जायेगा?"

"जी." विश्वासनं रात्रभर पाठ केलेली कारणं सांगायला तोंड उघडलं: मुलीचं शिक्षण, बायकोची तब्येत, वगैरे. बायकोची तब्येत ठणठणीत होती, पण फॉर्ममध्ये हे कारण चालतं, हा त्याचा अनुभव.

अबू फहदनं काही ऐकलं नाही. सही करून मोकळा झाला. पुढ्यातला चहासुद्धा अजून गरम होता. "दस साल तुम सबका पेपर लाया," म्हातारा म्हणाला. "अपना कभी नहीं लाया. हम समझा, तुम्हारा घर में कोई नहीं."

विश्वास बाहेर आला आणि जिन्यात बसला. चार मजले माणसं वर-खाली करत होती, त्याला ओलांडून जात होती. तो रडत होता, आणि त्याला त्याची लाजही वाटत नव्हती.

जूनमध्ये, जुईलीच्या निकालाच्या आदल्या आठवड्यात, तो नाशिकला पोचला. खोकं नव्हतं. ब्लँकेटं नाहीत, अत्तर नाही. जुईलीनं दार उघडलं आणि सवयीनं त्याच्या मागे बघितलं, सामान कुठंय म्हणून.

"अहो बाबा, या ना. प्रवास कसा झाला?"

"कायमचा आलोय," तो म्हणाला.

"हो का? छान," ती म्हणाली आणि घडीची खुर्ची उघडली.

आता कुणाला वाटेल, की आनंदीआनंद झाला असेल. कशाला! त्याच्यावर विश्वास कुणी ठेवावा? नावातच काय तो होता. चौऱ्याण्णवला तो म्हणाला होता, बहुधा ही शेवटची खेप. शहाण्णवलाही म्हणाला होता. चारुशीलानं रद्द झालेला इकामा पाहिला, पासपोर्टवरचा शिक्का पाहिला, वही तपासावी तसा पासपोर्ट उलटसुलट करून पाहिला, आणि परत दिला. "बघू," म्हणाली. न्हाणीघरात पाणी तापवलेलं होतं. आधी बाबा. बाहेर मायलेकी टॉवेल घेऊन मुकाट.

तो दिवस मोजायला लागला. चारुशीलाही मोजतेय हे त्याला कळत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती बारीक टिंबं करायची, लाल पेननं. वीस झाली. चाळीस झाली. तो भाजी आणायला शिकला, गॅसचा नंबर लावायला शिकला, टॉवेल कुठे असतात तेही शिकला. दुपारी दोघी बाहेर गेल्या की शेवटचं प्रकरण काढून बसायचा, पण पुढे ओळ सुचेना. भूत आपलं उंबऱ्यावर.

एकोणसाठाव्या दिवशी चारुशीलानं चिवडा केला.

विश्वास स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बघत राहिला. "कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"सवय आहे हाताला," ती म्हणाली. वर बघितलं नाही. कढीपत्ता टाकला तो फार तडतडला. साठाव्या दिवशी सकाळी पिशवी दाराशी होती, तोंड सुतळीनं बांधलेलं. दिवसभर जो तो तिला वळसा घालून जात होता. रिक्षा थांबल्याचा आवाज आला की चारुशीला पोळी लाटता लाटता थांबायची. संध्याकाळी विश्वास चपला घालून कोपऱ्यावर दूध आणायला निघाला, तर ती दारापर्यंत आली आणि तो परत येईपर्यंत तिथंच उभी राहिली. दूध घेताना तिनं त्याचं मनगट धरलं.

एकसष्टाव्या दिवशी सकाळी तो सवयीनं न्हाणीघरात गेला. साबण लावला. गरम पाणी होतं, विचार बरेच होते, किती वेळ गेला कळलं नाही. आणि एकाएकी दारावर धाडकन थाप पडली. मग दुसरी. कडी खुळखुळली.

"अरे बाबा!" बाहेरून जुईली किंचाळली. "किती वेळ? माझा क्लास बुडतोय! निघ ना बाहेर! रोजचं आहे तुझं हे!"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. जुईलीलाही बहुतेक आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण पुढची थाप अर्ध्यावर थांबली.

विश्वास तोंडाला साबण लावून पाटावर बसला होता. साबण डोळ्यांत गेला होता, त्याला ते बरंच झालं. अरे म्हणाली. निघ म्हणाली. दार वाजवलं तिनं, आणि बाहेरून आत नव्हे, आतून बाहेर बोलावलं.

"आलो गं, आलो!" तो ओरडला. घशातून आवाज भलताच मोठा निघाला. "दोन मिनिटं थांब!"

"दोन म्हणजे दोनच हां!" ती म्हणाली.

तो ओल्या केसांनी बाहेर आला तेव्हा ती त्याला खांद्यानं बाजूला ढकलून आत शिरली. चारुशीला जमिनीवर बसून दाराशी ठेवलेल्या पिशवीची सुतळी सोडत होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि चिवड्याची वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"खाऊन टाका," ती म्हणाली. "सादळेल नाहीतर."

तो तिच्याशेजारी जमिनीवर बसला आणि खाऊ लागला. मीठ थोडं जास्त झालं होतं.